पाच नंबरची माळ

आमच्या प्रयोगशाळेच्या दारावर आतल्या बाजूने एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर जाड मार्करने लिहिलंय, ‘कॅमेऱ्याला हात लागला, की कांडी.’ अक्षर माझं. नियमही माझाच. आणि तो मोडणारी आजवरची एकमेव व्यक्तीही मीच. एवढं एक वाक्य सांगायला मला जवळजवळ पाच महिने लागले.

कांडी म्हणजे काय, ते आधी सांगते. मिरजेबाहेरच्या आमच्या संस्थेत नवीन औषधं माणसांना देण्याआधी उंदरांवर तपासतात. त्यासाठी काचेचा एक लांब, अरुंद बोळ केलेला आहे. उंदीर एका टोकाला सोडायचा, दुसऱ्या टोकाला शेंगदाणा ठेवायचा. बोळाभोवती दहा कॅमेरे. त्यांचा प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही आणि उंदरालाही दिसत नाही, म्हणून तो अंधार समजून बिनघोर पळतो. प्रत्येक कॅमेरा सेकंदाला पाचशे चित्रं घेतो. एका कॅमेऱ्याला चित्र सपाटच दिसतं. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघा, म्हणजे कळेल. पण दोन कॅमेऱ्यांना एकच बोट दोन बाजूंनी दिसलं, तर दोन्हीकडून दोन सरळ रेषा काढायच्या. त्या जिथे छेदतात, तिथे ते बोट. असं करत संगणक उंदराचा सांधा न् सांधा हवेत मांडतो, केसाच्या जाडीइतक्या अचूकपणे.

यात मेख एकच. कोणता कॅमेरा कुठे आहे आणि त्याचं तोंड कुणीकडे आहे, हे संगणकाला पक्कं माहीत पाहिजे. त्यासाठी ही कांडी. फूटभर लांब, टोकांना आणि मध्ये चकाकते गोळे बसवलेली. ती बोळात हवेत फिरवायची. गोळ्यांमधली अंतरं ठरलेली असतात, त्यावरून संगणक प्रत्येक कॅमेऱ्याची जागा हुडकून काढतो. पाहुणे आले की हमखास जादूच्या कांडीचा विनोद करतात आणि मी हमखास हसते. पुढे एखाद्या कॅमेऱ्याला धक्का लागला, तर तो बघत राहतोच, फक्त आपण जुन्याच जागी आहोत असं समजून बघतो.

आणखी एक. पळताना उंदराचं पाऊल मधूनच पोटाखाली दडतं. तेवढ्यापुरतं संगणक ते पाऊल अंदाजाने भरतो. हजारो धडधाकट उंदीर बघून तो ते शिकलेला आहे.

या यंत्रणेमुळे जिथे दोनशे उंदीर लागायचे तिथे चोवीस पुरू लागले. उंदीर ते माणूस हा दोन वर्षांचा प्रवास सहा आठवड्यांवर आला. जनावरांचे हाल कमी झाले, हे खरं आहे आणि आजही मी ते नाकारणार नाही. मग तीन वर्षांपूर्वी नियम आला, की डोळ्यांनी केलेलं निरीक्षण पुरावा म्हणून धरायचं नाही. ॲनिमल हाऊसमधली, म्हणजे उंदीर ठेवतात तिथली, निरीक्षणाची वही बंद झाली. सगळ्यांना आनंद झाला. मला जरा जास्तच झाला, कारण त्या दिवसापासून संस्थेत माझ्या शब्दावर शब्द नव्हता.

ती वही ज्यांची होती, त्या मालनअक्का. मालन शिरतोडे. उंदरांचे पिंजरे धुणं, भुसा बदलणं, खाणंपिणं बघणं, हे काम त्या सव्वीस वर्षं करत होत्या. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. वही गेली, पण हाताची सवय गेली नाही. एखादं जनावर वेगळं वाटलं, की पिंजऱ्याच्या कार्डावर नंबराखाली पेन्सिलीने बारीक रेघ मारायच्या. ‘कशापायी मारताय अक्का, कोण बघतंय?’ असं मी त्यांच्याच बोलीत चिडवायचे. ‘ऱ्हाऊ द्या म्याडम, हाताला खाज,’ म्हणायच्या.

गेल्या वर्षी खंडेनवमीला आम्ही नेहमीप्रमाणे उपकरणांची पूजा केली. वजनकाटे, सूक्ष्मदर्शक, पिंजरे धुण्याचं यंत्र, सगळ्यांना हळदकुंकू लागलं. अक्कांनी भावाच्या मळ्यातून टोपलीभर झेंडू आणला होता, त्याच्या माळा केल्या होत्या. त्यातल्या दोन उरल्या. आमचे प्रमुख डॉ. आरवाडे सर माहितीपत्रकासाठी फोटो काढून घेत होते. मी म्हणाले, कॅमेऱ्यांना पण घालू या.

‘कॅमेऱ्यांस्नी नको म्याडम,’ अक्का म्हणाल्या. ‘दारावर तुमचाच कागद हाय.’

‘अहो अक्का, आपली खरी शस्त्रं तीच की,’ मी म्हणाले. सर हसले. मला तेवढंच पाहिजे होतं.

नऊ कॅमेरे उंचावर आहेत. पाच नंबरचा तेवढा बोळाच्या डाव्या अंगाला, गुडघ्याच्या उंचीवर बसवलेला. फोटोत तोच छान दिसला असता. मी खाली बसले, अक्कांनी हातात दोरा दिला. दोरा अपुरा पडत होता, म्हणून मी तो ओढून गाठ मारली. तेव्हा कॅमेऱ्याची मान हलली. किंचितच, पण बोटांना कळलं. दसरा झाला की कांडी फिरवू, असं मी मनात म्हटलं. फोटो फार चांगला आला. संध्याकाळी माझ्याच हाताने दोरा तोडून माळ काढली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला नव्या औषधाचा प्रयोग लागला होता. मधुमेह्यांच्या पायांची आग थांबवणारं औषध. चोवीस उंदरांची डाव्या पायातली एक नस दुखरी केलेली. औषधाने ठणका जातो का आणि पाय नीट चालतो का, एवढं पाहायचं. डाव्या पायासाठीच तर पाच नंबर खाली बसवला होता. यंत्रणा सुरू केली आणि पडद्यावर पिवळा दिवा लागला. ‘पाच नंबर इतरांशी जुळत नाही. पुढे चालू ठेवायचं?’

कांडी आणि पुढची जुळवाजुळव यांना चाळीस मिनिटं लागतात. उंदरांना औषध देऊन झालं होतं, वेळ ठरलेली होती, सर मागे येऊन उभे होते. मी ‘चालू’ दाबलं. दहा मिनिटांनी दिवा आपोआप विझला आणि माझा जीव भांड्यात पडला.

दिवा का विझला, ते फार नंतर कळलं. पाच नंबर जुळला नव्हता. बाकीच्या नऊ जणांनी त्याचं ऐकणं सोडून दिलं होतं. आणि डाव्या पावलाच्या दोन रेषांपैकी एक फक्त त्याच्याकडूनच येत होती. मग संगणकाने ते पाऊल अंदाजाने भरायला घेतलं, पोटाखाली दडल्यावर भरतो तसं. उंदीर कसाही चालो, पडद्यावर तो हजारो धडधाकट उंदरांसारखाच चालत होता. यंत्र बघत नव्हतं, पाठ केलेलं म्हणून दाखवत होतं.

तिसऱ्या आठवड्यात अक्का माझ्या टेबलापाशी आल्या. हातातले मोजे काढत म्हणाल्या, ‘म्याडम, तीन नंबरचं जनावर डावा पाय वढतंय. सात नंबर पण. आदी ठणक्यानं पाय वर धरायची, आता धरत न्हाईत, पर वढत्यात.’

‘पडद्यावर तर नीट चालतायत.’

‘चालत आसतील. पर वढत्यात.’

मी थेट सरांकडे गेले, अक्कांना घेऊन. वाटलं, एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे. सरांनी मोठ्या पडद्यावर तीन नंबरचा उंदीर लावला. काळ्या पार्श्वभूमीवर हिरव्या रेघांचा उंदीर, चारही पाय एका लयीत. सरांनी तो हळू करून दाखवला, मग आणखी हळू. डावं पाऊल उचललं जात होतं, पुढे पडत होतं, बोटं पसरत होती. अक्का पुढे वाकून पाहत राहिल्या.

‘लई ग्वाड चालतंय की,’ त्या म्हणाल्या. मग सरळ होऊन, ‘मंग माझंच डोळं गेलं म्हनायचं.’

सर समजुतीने हसले. मी अक्कांच्या पाठीवर हात ठेवला. ‘अक्का, एकदा डोळे तपासून घ्या,’ मी म्हणाले. ‘वयानं होतं असं.’ फार मायेने म्हणाले. त्या क्षणी मला पिवळा दिवा आठवला होता. नीट आठवला होता, अक्षरांसकट. त्याच्याकडे मी कानाडोळा केला आणि अक्कांना डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव लिहून दिलं.

औषध पास झालं. डिसेंबरात बारा स्वयंसेवकांना गोळ्या सुरू झाल्या, रोज सकाळ-संध्याकाळ एकेक. पायांची आग थांबली म्हणून सगळे खूश होते. अक्कांनी त्याच महिन्यात रजा टाकून मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं.

जानेवारीत त्या परत आल्या. काळा गॉगल लावून, थेट ॲनिमल हाऊसमध्ये. पुढच्या निरीक्षणासाठी ते चोवीस उंदीर अजून ठेवलेले होते. अर्ध्या तासाने माझ्याकडे आल्या.

‘पार लख्ख दिसतंय आता,’ म्हणाल्या. ‘देवळाच्या कळसावर बसलेलं पाखरू दिसतंय. आन् म्याडम, तीन नंबर अजून पाय वढतंय.’

त्यांच्या आवाजात ना राग होता, ना टोमणा. एवढा खर्च-त्रास करून डोळे सुधारले तरी तेच दिसतंय, याचं त्यांना खरोखर कोडं पडलं होतं. मी उठून त्यांच्यामागे गेले. पिंजरा खाली घेऊन फरशीवर बसले. तीन वर्षांत पहिल्यांदाच मी पडद्याशिवाय उंदीर पाहत होते. तो कोपऱ्यातून निघाला, पाण्याच्या नळीकडे गेला. त्याच्यामागे भुशात एक रेघ उमटत गेली.

अक्कांनी पिंजरा परत वर ठेवला.

त्या गेल्यावर मी प्रयोगशाळेत जाऊन पाच नंबरपुढे बसले. त्याच्या मानेच्या खिळीत पिवळ्या दोऱ्याचा तुकडा अडकला होता, त्याला झेंडूची एक वाळून तपकिरी झालेली पाकळी. मी ते काढून ॲप्रनच्या खिशात ठेवलं. मग कांडी फिरवली. तीनदा फिरवावी लागली. कॅमेऱ्याची खरी जागा एकदा कळली, की जुनी चित्रं पुन्हा नव्याने मांडता येतात. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं मांडून झालं. औषध ठणका थांबवत होतं ते नस मारून, आणि नशीबरोबर पायही जात होता. चोवीसपैकी नऊ उंदीर पाय ओढत होते. मी पिंजऱ्यांची कार्डं पाहिली. नऊ कार्डांवर पेन्सिलीची रेघ होती. तेच नऊ.

त्या दुपारीच मी सरांकडे जायला हवं होतं. मी गेले चौथ्या दिवशी.

मधले तीन दिवस काय केलं, हे विचाराल तर एक अहवाल लिहिला. साडेतीन पानांचा. ज्यात सगळं खरं असेल आणि माझं नाव कुठेच नसेल, असा. ‘पाच क्रमांकाचा कॅमेरा जागेवरून सरकल्याचे आढळले. कारण अज्ञात.’ हे दुसरं वाक्य जमेपर्यंत तीन दिवस गेले. तेवढ्यात बारा माणसांनी प्रत्येकी सहा गोळ्या घेतल्या. त्या सहा गोळ्यांनी कितीसा फरक पडला, हे डॉक्टरांना सांगता येत नाही. मलाही येत नाही. न पडला असेलही, असं मी स्वतःला सांगून पाहते, आणि तसं सांगताना माझी मलाच किळस येते.

गोळ्या त्याच दिवशी बंद झाल्या. आठवड्याने चौकशी बसली. सर, बाहेरून आलेले दोन तज्ज्ञ, मी आणि अक्का.

‘कारण अज्ञात असं कसं चालेल?’ एक तज्ज्ञ म्हणाले. ‘कॅमेरा काही चालत जात नाही.’

‘पाच नंबर खाली आहे,’ सर म्हणाले. ‘झाडताना वगैरे लागला असेल.’

सगळ्यांनी अक्कांकडे पाहिलं. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. माझा हात खिशात होता आणि बोटांत तो दोरा होता. ॲप्रन धुवायला टाकताना मी तो दर वेळी काढून परत खिशात ठेवत होते, का ते माहीत नाही. मी समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे पाहत राहिले.

‘आसंल सायेब,’ अक्का म्हणाल्या. ‘लागला आसंल माझा झाडू.’

तसं लिहिलं गेलं. ‘सफाईच्या वेळी अनवधानाने धक्का.’ अक्कांना कुणी रागावलं नाही. फक्त ॲनिमल हाऊस काढून घेतलं आणि बाटल्या धुण्याच्या खोलीत बसवलं. वर्षभराचा तर प्रश्न होता, सगळे म्हणाले. त्यांचे नऊ उंदीर दुसरंच कोणी पाहू लागलं. आणि मी? मला सगळे शाबासकी देत होते, चूक हुडकून काढली म्हणून. मी ती घेतली. दोन-तीनदा तर ‘माझं कामच आहे ते’ असंही म्हणाले.

फेब्रुवारीच्या शेवटी स्वयंसेवकांना चाल तपासायला संस्थेत बोलावलं. मोठ्या दालनात माणसांसाठी तसेच कॅमेरे लावायचं काम माझ्याकडे आलं. मी सकाळपासून दहादा कांडी फिरवली होती. बारापैकी अकरा जणांचे पाय सुधारत होते. बारावे हावळे म्हणून शिंपी होते, साठीचे, धोतर-टोपी, हसतमुख. त्यांना दालनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला सांगितलं. मध्यावर त्यांची डावी चप्पल पायातून निसटली. त्यांना कळलंच नाही. ते तसेच चालत गेले, एका पायात चप्पल, डावा अनवाणी पाय फरशीला घासत. चार पावलं, पाच, सहा.

मी पळत जाऊन चप्पल उचलली आणि त्यांच्या पायापुढे ठेवली. ते एकदम ओशाळले.

‘अरेरे, मॅडम, तुम्ही कशाला चपलेला हात लावता?’ ते म्हणाले. ‘माझंच लक्ष नसतं हल्ली. मशीनवर बसलो तरी पायाखालचं पायडल कुठं आहे ते कळत नाही. माफ करा हं.’

ते माझी माफी मागत होते. मला त्या क्षणी तिथून नाहीसं व्हावंसं वाटलं. तोंडातून ‘असू दे, असू दे’ एवढंच निघालं.

काम संपवून मी तशीच अक्कांच्या घरी गेले. अक्का सोप्यात बसून शेंगा फोडत होत्या. मला बघून उठायला लागल्या, मी उठू दिलं नाही. त्यांच्यासमोर खाली बसले, खिशातून दोरा काढला आणि सुपाच्या काठावर ठेवला.

‘अक्का, ती माळ मी बांधली होती.’

‘ठावं हाय.’

मला वाटलं, त्यांनी नीट ऐकलं नाही. ‘पाच नंबरला. खंडेनवमीला. गाठ मारताना कॅमेरा हलला, मला कळलं होतं.’

‘व्हय. झेंडू म्या आनला, दोरा म्या दिला. तुमी वढलासा तवा त्येची मान हालली.’ त्यांनी एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. ‘बगितलं की म्या. वाटलं, तुमी मागनं कांडी फिरवली आसंल. डोळं गेलं न्हवतं तवा.’

‘मग झाडू लागला असं का म्हणालात?’

अक्कांनी हात थांबवला. ‘सायबांनी ईचारलं, तवा म्या तुमच्याकडं बगितलं,’ त्या म्हणाल्या. ‘मला वाटलं, आता बोलशीला. न्हाई बोलला. मंग कुनीतरी बोलाय पायजे हुतं न्हवं?’

मी रडत रडत हावळे शिंप्यांच्या चपलेचंही सांगितलं. अक्कांनी रडू दिलं. गप्प केलं नाही, पाठीवर हातही ठेवला नाही. त्या शेंगा फोडत राहिल्या. शेवटी त्या म्हणाल्या, ‘माझं ऱ्हाऊ द्या. ते शिंपीदादा हायेत न्हवं, त्येंस्नी सांगा.’

दुसऱ्या दिवशी मी सगळं लिहून सरांना दिलं. माळ, दिवा, तीन दिवस, दोरा. सर म्हणाले, ‘आता कशाला? मिटलंय की प्रकरण.’ मी म्हणाले, माझ्या बाजूने नाही मिटलेलं. मग हावळ्यांच्या दुकानात गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत, हसलेही नाहीत. मोजपट्टी गुंडाळत म्हणाले, ‘बरं.’ तो ‘बरं’ अजून माझ्या कानात आहे.

प्रयोगाच्या अहवालांवर सही करण्याचा माझा अधिकार काढून घेतला गेला. अहवालातली झाडूची ओळ खोडून तिथे माझं नाव आलं. निरीक्षणाची वही पुन्हा सुरू झाली. यंत्राची मांडणी आणि वही दोन्ही जुळल्याशिवाय आमच्याकडून औषध पुढे जात नाही. वही अक्कांकडे आहे. उरलेले महिने त्या ॲनिमल हाऊसमध्येच काढणार आहेत.

रोज सकाळी प्रयोगाआधी त्या दारात येतात. आतल्या कागदाकडे बघत नाहीत, दिव्याकडेही नाही. वही उघडून, पेन्सिल हातात धरून मला विचारतात, ‘म्याडम, आज कुटं हात लागला न्हाई न्हवं?’

त्यात खोच नसते. त्या साधं विचारतात आणि थांबतात. मी उत्तर देते, खरं असेल ते. त्या ते लिहून घेतात. पण विचारताना त्या माझ्या तोंडाकडे बघत नाहीत. माझ्या हातांकडे बघतात.